बिडदीची भट्टी आणि बंगळूरच्या कचऱ्याचा ताळेबंद

बंगळूरहून म्हैसूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, शहरापासून सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर बिडदी आहे. डिसेंबर २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांनी येथे कर्नाटकातील कचऱ्यापासून वीजनिर्मितीच्या पहिल्या मोठ्या प्रकल्पाची पायाभरणी केली. कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशन आणि तेव्हाची बृहत् बंगळूर महानगरपालिका यांचा हा संयुक्त प्रकल्प. दररोज ६०० टन कचरा जाळावा, त्यातून ११.५ मेगावॉट वीज मिळवावी आणि त्यासाठी सुमारे २६० कोटी रुपये खर्चावेत, असा त्याचा आराखडा होता. काम २०२४ पर्यंत रेंगाळले. दरम्यान राज्यात सत्तांतर झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये खुद्द महापालिकेचेच पाच तुकडे होऊन त्यांच्यावर बृहत् बंगळूर प्राधिकरण आले. परंतु कचऱ्यातून वीज काढण्याच्या कल्पनेवरील श्रद्धा पक्षभेदाच्या पलीकडे कायम राहिली.

ही श्रद्धा समजण्यासारखी आहे. एका टोकाने नको ते घालावे आणि दुसऱ्या टोकाने हवे ते मिळावे, असे यंत्र कोणत्या राज्यकर्त्याला नको असेल? त्यातून दररोज सुमारे पाच हजार टन कचरा निर्माण करणाऱ्या, पण तो टाकायला जागा न उरलेल्या शहराला तर असे यंत्र वरदानच वाटणार. प्रश्न असा की, या यंत्राकडून नेमकी कोणती अपेक्षा धरायची? वीज केंद्र म्हणून त्याचा हिशेब मांडला तर तो जुळत नाही. उरल्यासुरल्या कचऱ्याच्या अखेरच्या विल्हेवाटीचे साधन म्हणून मांडला तर बऱ्याच अंशी जुळतो. करार यांपैकी कोणत्या हिशेबावर होतात, यावर बंगळूरच्या पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या कचऱ्याचे आणि तो ज्यांच्या वेशीवर जाऊन पडतो त्या गावांचे भवितव्य ठरणार आहे.

गावांनी मिटलेली दारे

बंगळूरने आपला कचरा नेहमीच वेशीबाहेर नेऊन टाकला. उत्तरेकडील मावळ्ळीपुरा येथील कचराभूमी प्रदूषणाच्या तक्रारींनंतर जुलै २०१२ मध्ये बंद झाली आणि पुढच्याच महिन्यात या 'उद्याननगरी'च्या चौकाचौकांत कचऱ्याचे ढीग साचले. मग भार पडला तो पूर्वेकडील मंडूरवर. जून २०१४ मध्ये मंडूरच्या ग्रामस्थांनी आंदोलन पुकारून कचऱ्याचे ट्रक रोखले, आणि वर्षअखेरीपर्यंत तेथे कचरा टाकणे थांबविण्याचे आश्वासन सिद्धरामय्या सरकारला द्यावे लागले. त्यानंतर बेल्लहळ्ळी, मिट्टगानहळ्ळी भागांतील जुन्या दगडखाणींचे खड्डे भरले जाऊ लागले.

या इतिहासातील एक बाब बिडदीच्या संदर्भात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मंडूर येथेही कचऱ्यापासून वीज निर्माण करणारा प्रकल्प उभा राहायचा होता. वीज काही निघाली नाही. ढिगारा मात्र वाढत गेला. पुढे इलेक्ट्रॉनिक सिटीजवळच्या चिक्कनागमंगला येथे तसाच प्रस्ताव आला तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी त्याला विरोध केला. 'प्रकल्प' या शब्दाचा अर्थ अखेरीस 'कचराडेपो' असा होतो, हा अनुभव बंगळूरच्या परिघावरील गावांच्या गाठीशी आहे. त्यामुळे नव्या भट्टीला होणाऱ्या विरोधाला निव्वळ अडाणीपणा वा राजकारण ठरवून चालणार नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. नियोजन आयोगाने कचऱ्यापासून ऊर्जा या विषयावर नेमलेल्या कृतिगटाचा अहवाल मे २०१४ मध्ये आला. अंतराळशास्त्रज्ञ डॉ. के. कस्तुरीरंगन हे त्याचे अध्यक्ष. भारतातील शहरे वर्षाला निर्माण करीत असलेला ६ कोटी २० लाख टन कचरा प्रक्रियेविना टाकत राहिलो तर दरवर्षी १,२४० हेक्टर जमीन त्याखाली जाईल, असा इशारा या अहवालाने दिला होता. कचराभूमी हा पर्याय संपत आला आहे, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो त्या जागी काय येणार याविषयी.

ओल्या कचऱ्याचा उष्मांक

कचऱ्यापासून वीज निर्माण करण्याची पद्धत कोळशाच्या केंद्रासारखीच आहे. भट्टीत इंधन जळते, बॉयलरमध्ये वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरते. फरक आहे तो इंधनात. भारतीय कोळशाच्या एका किलोतून साधारणपणे साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. आपल्याकडील मिश्र कचऱ्यातून हजाराच्या आसपास, आणि पावसाळ्यात त्याहूनही कमी. याचे कारण आपल्या स्वयंपाकघरांत आहे. भाजीची देठे, फळांच्या साली, शिळे अन्न, शहाळी, देवळांतली निर्माल्याची फुले असा ओला कचरा एकूण कचऱ्याच्या निम्म्याहून अधिक भरतो. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. टनभर कचऱ्यात ५०० किलो पाणी असेल, तर तीन लाख किलोकॅलरी उष्णता केवळ ते पाणी उडवण्यात खर्ची पडते.

जागतिक बँकेने १९९९ मध्ये कचऱ्याच्या भट्ट्यांसाठी जी मार्गदर्शिका तयार केली, तिच्यानुसार कचऱ्याचा उष्मांक वर्षाच्या सरासरीने किलोमागे किमान १,६७० किलोकॅलरी असावा आणि कोणत्याही ऋतूत तो १,४३० च्या खाली जाऊ नये. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही हीच रेषा १,५०० वर आखली होती. त्याहून अधिक उष्मांकाचा, पुनर्वापर होऊ न शकणारा कचरा जमिनीत न पुरता ऊर्जेसाठी वापरावा, असा तो नियम होता. थोडक्यात, जाळण्याची शिफारस होती ती निवडलेल्या कचऱ्यासाठी; घरातून निघाला तसा ट्रकमध्ये भरलेल्या कचऱ्यासाठी नव्हे.

आता बिडदीचे आकडे पाहावेत. ६०० टनांतून चोवीस तास ११.५ मेगावॉट म्हणजे टनामागे ४६० युनिट. एवढ्या लहान केंद्राची कार्यक्षमता २० ते २५ टक्के धरली, तर त्यासाठी किलोमागे सुमारे १,६०० ते २,००० किलोकॅलरी देणारा कचरा रोज, बाराही महिने मिळायला हवा. कस्तुरीरंगन गटाने देशभरातील ३२,८९० टन ज्वलनशील कचऱ्यापासून ४३९ मेगावॉट वीज मिळू शकेल असा अंदाज केला होता. त्याचा भागाकार टनामागे ३२० युनिट येतो. चीनमधील शहरांचा कचराही आपल्यासारखाच ओला. त्या देशाने २०१२ मध्ये कचऱ्याच्या विजेला खास दर लागू केला, तेव्हा टनामागे २८० युनिटच त्या दरास पात्र धरले. हेच दोन मापदंड बिडदीला लावले तर हाती ११.५ ऐवजी सात ते आठ मेगावॉट येतात. म्हणजे आराखड्यातील आकडा गाठायचा असेल तर बंगळूरला आपल्या सरासरी कचऱ्यापेक्षा बराच कोरडा, बराच निवडक कचरा बिडदीला धाडावा लागेल. प्रकल्पाचे यशापयश भट्टीत ठरण्याआधीच घराघरांच्या उंबरठ्यावर ठरते, ते असे.

तिमारपूरचा धडा

या विषयातील पहिला धडा दिल्लीनेच देशाला दिला, आणि तोही महागडा. १९८७ मध्ये दिल्लीत तिमारपूर येथे डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर दररोज ३०० टन कचरा जाळून ३.७५ मेगावॉट वीज निर्माण करणारे केंद्र उभारण्यात आले. १,४६० किलोकॅलरीच्या आसपासचा कचरा मिळेल असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात आला तो ६०० ते ७०० चा. केंद्र जेमतेम २१ दिवस चालले.

दुसरा धडा न्यायालयातून आला, आणि त्याचा उगम बंगळूरमध्ये होता. बंगळूरनिवासी अभियंता अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये देशातील शहरांच्या कचऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. २००० सालचे घनकचरा नियम हे या याचिकेचेच फलित. याच प्रकरणात मे २००५ मध्ये न्यायालयाने कचऱ्यापासून ऊर्जेच्या प्रकल्पांना सरकारी अनुदान देण्यास मनाई केली. तज्ज्ञ समितीच्या अहवालानंतर मे २००७ मध्ये केवळ पाच पथदर्शी प्रकल्पांना वाट मोकळी करून देण्यात आली. अनुदानाच्या आधारावर प्रकल्प उभे राहतात आणि कचरा न पेलल्याने बसतात, या अनुभवाची ती दखल होती.

त्यानंतर दिल्लीने मागे वळून पाहिले नाही. २०१२ मध्ये ओखला, पुढे गाझीपूर, २०१७ मध्ये नरेला-बवाना आणि २०२२ मध्ये तेहखंड अशी चार केंद्रे उभी राहिली. ओखल्याची २३, गाझीपूरची १२, बवान्याची २४ आणि तेहखंडची २५ अशी त्यांची एकत्रित स्थापित क्षमता ८४ मेगावॉट होते. १९ जून २०२४ रोजी दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॉटवर गेली होती. चारही केंद्रे पूर्ण क्षमतेने चालली असती, तरी त्यांचा वाटा एक टक्काही भरला नसता. दिल्लीत राहणाऱ्या वाचकाला गाझीपूरचा डोंगर ठाऊकच आहे. १ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचा कडा कोसळून दोघांचा बळी गेला, तेव्हा त्याच परिसरात वीज केंद्र उभे होते. भट्टीने डोंगराची वाढ मंदावू शकते. पण वर्गीकरणाचा प्रश्न सुटल्याविना डोंगर हटत नाही.

ओखल्याचा अनुभव आरोग्याच्या अंगानेही पाहिला पाहिजे. सुखदेव विहार आणि शेजारच्या वसाहतींतील रहिवासी धूर व राखेविरुद्ध वर्षानुवर्षे लढले. राष्ट्रीय हरित लवादाने फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र चालू ठेवण्यास परवानगी दिली. मात्र पूर्वीच्या उल्लंघनांबद्दल २५ लाख रुपयांची भरपाईही आकारली. प्लास्टिक, विशेषतः पीव्हीसी, अपुऱ्या तापमानात जळले की डायॉक्सिन व फ्युरान ही घातक द्रव्ये तयार होतात. ती रोखायची तर वायूला उच्च तापमानात किमान दोन सेकंद ठेवावे लागते, पुढे गाळण्या लागतात आणि सतत देखरेख लागते. ओला कचरा आत गेला की तापमान घसरते. म्हणजे वर्गीकरणातील ढिलाई ही विजेच्या तुटीपुरती राहत नाही, ती शेजाऱ्याच्या फुफ्फुसापर्यंत पोहोचते. शिवाय जळाल्यावरही वजनाने पाचवा ते चौथा हिस्सा राखेच्या रूपाने उरतोच. बिडदीत रोज १२० ते १५० टन राख निघेल. तिच्यासाठी सुरक्षित जागा ही लागणारच.

विजेचा दर कोण भरणार?

बिडदीचा खर्च मेगावॉटमागे २२ कोटींहून अधिक पडतो. सौर प्रकल्पाला त्याच्या एका अंशात भागते. भांडवलावर दहा टक्के व्याज, वीस वर्षांत परतफेड आणि वर्षाला ३३० दिवस पूर्ण क्षमतेने काम असे धरले, तर केवळ भांडवलाचा भार टनामागे सुमारे दीड हजार रुपये येतो. चालवण्याचा, गाळण्यांचा आणि राख हलवण्याचा खर्च वेगळाच. दुसऱ्या बाजूला, टनामागे ३०० युनिट वीज विकायला मिळाली आणि ती तीन रुपयांच्या बाजारभावाने गेली, तर उत्पन्न नऊशे रुपये. व्याज आणि हप्तासुद्धा यातून निघत नाही.

मग हे प्रकल्प उभे राहतात कसे? उत्तर दिल्लीतील दोन निर्णयांत आहे. केंद्रीय वीज नियामक आयोगाने ऑक्टोबर २०१५ मध्ये कचऱ्याच्या विजेसाठी युनिटला ७.०४ रुपये आणि कचऱ्यापासून तयार केलेल्या इंधनाच्या विजेसाठी ७.९० रुपये असा दर ठरवला. जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणाने राज्यातील अशा केंद्रांची सर्व वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेणे वितरण कंपन्यांवर बंधनकारक केले. सात रुपये दराने आपल्या उदाहरणातील ३०० युनिटचे २,१०० रुपये होतात. बाजारभावाशी असलेला १,२०० रुपयांचा फरक वीज ग्राहकाच्या देयकातून वसूल होतो.

यात अन्याय आहे तो असा. बेसकॉम ही वितरण कंपनी बंगळूरबरोबरच कोलार, तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे यांसारख्या जिल्ह्यांनाही वीज पुरवते. महागडी वीज बेसकॉमने घेतली की बंगळूरच्या कचऱ्याच्या विल्हेवाटीचा खर्च चित्रदुर्गच्या ग्राहकावरही पडतो, आणि तो 'हरित ऊर्जे'च्या नावाखाली पडत असल्याने कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्याच कर्नाटकात पावगडा येथे २,०५० मेगावॉटचे सौर उद्यान आहे. ऊर्जा हेच उद्दिष्ट असेल तर बिडदीची सारी क्षमता त्याच्या दोनशेव्या हिस्स्याच्या आसपास आहे. खर्च कचऱ्याचा आहे, तर तो कचरा खात्यातच दाखवावा. शहराने तो टनामागे शुल्क म्हणून उघडपणे भरावा. एप्रिल २०२५ पासून बंगळूरमध्ये मालमत्ता कराबरोबर कचरा शुल्क आकारणे सुरू झालेच आहे. कोणत्या सेवेसाठी किती पैसे जातात, हे त्या शुल्कातून नागरिकाला कळू शकते. वीज बिलातून ते कधीच कळणार नाही.

कराराची मेख

खरी मेख मात्र कराराच्या एका कलमात असते. भट्टी चोवीस तास पेटती ठेवावी लागते, म्हणून प्रकल्पचालक ठरावीक वजनाच्या पुरवठ्याची हमी मागतो. पुरवठा कमी पडला तर महापालिकेने भरपाई द्यावी, अशी अट आली की शहराचे हितसंबंधच उलटतात. कचरा कमी झाला तर नुकसान, वाढला तर फायदा! मग घरोघरी वर्गीकरण सुधारण्याची निकड कोणाला वाटणार? कोपनहेगनच्या सुप्रसिद्ध भट्टीलाही तिची क्षमता भरण्यासाठी परदेशातून कचरा आणावा लागला. डेन्मार्कसारख्या देशात भट्टीची उष्णता घरे तापवण्यासाठी विकली जाते, त्यामुळे तिचा हिशेब तरी बसतो. बंगळूरच्या हवेत ती उष्णता विकत घेणार कोण?

भट्टीला हवा असतो तो कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, चिंध्या. हीच सामग्री कचरावेचकांच्या उपजीविकेचे साधन आहे. या बाबतीत बंगळूरने देशाला वाट दाखवली होती. २०११ मध्ये कचरावेचकांना ओळखपत्रे देण्यास तेथे प्रारंभ झाला, आणि पुढे प्रभागांतील सुका कचरा संकलन केंद्रे त्यांच्या हाती सोपवण्यात आली. 'हसिरु दळ' या संघटनेच्या संस्थापकांपैकी नलिनी शेखर यांचा आधीचा अनुभव पुण्याच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतला. पुण्यात याच चळवळीतून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. मराठी वाचकाने हा धागा विसरू नये. कर्नाटक उच्च न्यायालयानेही डिसेंबर २०१५ मध्ये घरातच ओला, सुका आणि सॅनिटरी कचरा वेगळा करण्याची 'दोन डबे, एक पिशवी' ही पद्धत बंधनकारक केली. हमीच्या वजनासाठी वेगळा केलेला कचरा पुन्हा एका कॉम्पॅक्टरमध्ये ओतला गेला, तर या साऱ्या श्रमांवर पाणी फिरेल.

मग भट्टी नकोच का?

तसा निष्कर्षही घाईचा ठरेल. सुका कचरा कितीही निवडला तरी मळलेले प्लास्टिक, अनेक थरांची वेष्टने, चपला, थर्माकोल, फाटक्या गाद्या असा माल उरतोच. त्याला भंगारवालाही हात लावत नाही. २०१६ च्या नियमांनी असा माल सिमेंटच्या भट्ट्यांकडे धाडण्याचाही मार्ग दाखवला होता. परंतु कलबुर्गी जिल्ह्यातील वाडी, सेडमचे सिमेंट कारखाने बंगळूरपासून पाचशेहून अधिक किलोमीटरवर आहेत, आणि वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीला पुरून उरतो. अशा शेष मालासाठी जवळची, काटेकोर देखरेखीखाली चालणारी भट्टी हा समर्थनीय पर्याय आहे. पिंपरी-चिंचवडने मोशी येथे ७०० टनांचा १४ मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प उभारला. ऑगस्ट २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेथील वीज महापालिकेच्याच कामासाठी वापरण्याची योजना असल्याने खर्च आणि लाभ एकाच संस्थेच्या वहीत येतात. बंगळूरने घेण्याजोगा तो गुण आहे.

प्रश्न राहतो आकाराचा. बंगळूरच्या पाच हजार टनांत ओला कचरा सुमारे तीन हजार टन धरावा. उरलेल्यातून विकाऊ सुका माल आणि माती-दगड वगळले, तर जाळण्यायोग्य शेष ढोबळमानाने १५ ते २० टक्के, म्हणजे ७५० ते १,००० टन भरेल. एक बिडदी आणि फार तर तिच्याच आकाराची आणखी एक, एवढीच गरज दिसते. याहून मोठ्या क्षमतेचा प्रस्ताव आला, तर तो ओला कचराही भट्टीत ढकलण्याच्या वा कचरावेचकांचा माल ओढून घेण्याच्या हिशेबावर बेतलेला आहे, असे समजण्यास हरकत नाही.

राहिलेल्या तीन हजार टन ओल्या कचऱ्यासाठी भट्टीचा उपयोग नाही. त्याचे खत करावे किंवा वायू काढावा. सोलापूरने ४०० टन क्षमतेच्या जैववायू प्रकल्पातून तीन मेगावॉट विजेची दिशा स्वीकारली. इंदूरने फेब्रुवारी २०२२ मध्ये दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे १७ टन वायू देणारा प्रकल्प सुरू केला. इंदूरला ते जमले याचे श्रेय यंत्राआधी तेथील घराघरांतल्या वर्गीकरणाला जाते. बंगळूरचा अनुभव याच्या उलट आहे. तेथे महापालिकेने पाच-पाच टनांचे छोटे बायोगॅस प्रकल्प प्रभागांत उभारले. मिश्र कचरा आणि देखभालीची हेळसांड यांमुळे त्यांतील बहुतेक बंद पडले. पाच टनांचे यंत्र जो निर्मळ कचऱ्याअभावी चालवू शकत नाही, त्याच्या हाती ६०० टनांची भट्टी देताना सावधगिरी हवी.

सहीपूर्वीचे प्रश्न

या सर्वांमागे एक राजकीय पोकळी आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने घनकचरा व्यवस्थापन हा विषय बाराव्या अनुसूचीत घालून नगरपालिकांचा मानला. बंगळूरच्या नगरसेवकांची मुदत मात्र सप्टेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षे उलटून पाच नव्या महापालिका स्थापन झाल्या, तोवर निवडणूक झालेली नव्हती. बिडदीची पायाभरणी, कचऱ्यासाठी २०२१ मध्ये स्थापन झालेली स्वतंत्र कंपनी, नवे शुल्क हे सारे निर्णय लोकनियुक्त सभागृह अस्तित्वात नसताना झाले. ज्या करारांची मुदत चार-पाच सरकारांना पुरून उरते, ते मंत्रालय आणि कंपनीच्या संचालक मंडळात ठरावेत आणि त्यांचे परिणाम प्रभागाने व वेशीवरील गावाने भोगावेत, ही रचना संघर्षाला निमंत्रण देणारी आहे.

केंद्रातही चित्र फारसे वेगळे नाही. अनुदान एका मंत्रालयाचे, नगरविकासाची योजना दुसऱ्याची, प्रदूषणाचे नियम तिसऱ्याचे आणि विजेचा दर चौथ्याचा. ऊर्जेच्या खात्यात प्रकल्प मेगावॉटमध्ये मोजला जातो, नगरविकासाच्या खात्यात टनांमध्ये. त्याने खरोखर किती कचरा किती खर्चात आणि किती धूर सोडून संपवला, हा एकत्रित हिशेब कोणाच्याच टेबलावर येत नाही.

म्हणून बंगळूरच काय, पुणे, नागपूर वा अन्य कोणत्याही शहरातील अधिकाऱ्यापुढे अशा कराराचा मसुदा येईल, तेव्हा सहीपूर्वी चार गोष्टी त्याने तपासाव्यात. भट्टीत जाणाऱ्या कचऱ्याचा उष्मांक भर पावसाळ्यात, शहराच्या स्वतःच्या कचऱ्यावर, मोजलेला आहे काय? हमीचे वजन वर्गीकरणानंतर उरणाऱ्या मालापुरते मर्यादित आहे काय, आणि कचरा कमी झाल्यास शहराला दंड तर नाही? विजेच्या बाजारभावापलीकडचा खर्च कचरा शुल्काच्या खात्यात उघडपणे दाखवला आहे काय? आणि धुराचे व राखेचे मोजमाप लगतच्या ग्रामपंचायतीला त्यांच्या भाषेत, दर महिन्याला वाचायला मिळणार आहे काय? चारही उत्तरे समाधानकारक असतील तर बिडदीसारखी भट्टी शहराच्या उपयोगी पडेल. यांपैकी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर तिमारपूरला जे २१ दिवसांत उमगले, ते कळायला बंगळूरला वीस वर्षे आणि शेकडो कोटी रुपये मोजावे लागतील.